अमळनेरात यूचं कुंपण होईल का? ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि फोटोही मोठे करून नीट पाहिले. इतरांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. ताईंनी अमळनेरजवळ गावाबाहेर घर बांधलंय. मुलीकडे इंग्लंडला गेल्या तेव्हा तिथलं गर्द हिरवं, भिंतीसारखं सरळ कापलेलं, यू या थंड प्रदेशातल्या सदाहरित झाडाचं कुंपण त्यांच्या मनात भरलं. परत आल्यावर एका मोठ्या शहरातल्या नर्सरीतून ‘यू’ म्हणून पंचवीस रोपं आणली आणि फेब्रुवारीत थेट काळ्या जमिनीत लावली. आता पानांचे शेंडे करपलेत, नवी पालवी पिवळी येतेय. हे झाड खरंच यू आहे का, ते इथे जगेल का आणि कुंपणासाठी किती अंतरावर लावायचं, असं त्यांनी विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की दारात दोन गाई आणि काही शेळ्या आहेत, आणि पूर्वेच्या बांधापलीकडे दिरांची लिंबाची बाग आहे.

माझ्या दृष्टीने या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती ती शेवटची ओळ आहे. तिच्याकडे येतोच.

आधी सरळ उत्तर. तुमची रोपं यूची नाहीत. ती पोडोकार्पसची आहेत, आणि तुमच्या घरी गुरं आहेत हे पाहता नर्सरीवाल्याचा हा घोटाळा तुमच्या पथ्यावरच पडला म्हणायचा. खरी यू खान्देशात कुंपण म्हणून होणार नाही. आणि पोडोकार्पस जगवता येईल, पण तुमच्या जागेत त्याची दीडशे फूट लांब भिंत उभी करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. असं का म्हणतो ते आता क्रमाने सांगतो, कारण नुसतं ‘नाही होणार’ म्हटलं की माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या नर्सरीतून तेच झाड घेऊन येतो. मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात रोपवाटिका चालवतो आणि बंगल्यांच्या, शेतांच्या हिरव्या कुंपणांची कामं घेतो. हे बऱ्याचदा पाहिलंय.

ओळख पानापासून सुरू करू. तुमच्या फोटोत पानाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलंय, ते फार बरं केलंत. पान त्या नाण्याच्या तिपटीहून लांब दिसतंय, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर तरी आहे, आणि रुंदी एक सेंटिमीटरच्या जवळपास. यूचं पान एवढं कधीच नसतं. ते एक ते तीन सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असतं. चपटी, मऊ सुई म्हणा. दुसरी गोष्ट मांडणीची. यूच्या आडव्या फांदीवर पानं देठाशी पीळ घेऊन दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारखी पसरतात, फांदी वरून चपटी दिसते. तुमच्या रोपात पानं फांदीभोवती चहूबाजूंनी फिरत वर चढलीत. हा पोडोकार्पसचा थाट. त्याची एक लहान पानांची जातही बाजारात असते. तिचं पान चार-पाच सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे लोक जास्त फसतात. पण तिथेही मांडणी बघितली की संशय राहत नाही.

पान उलटं करून बघायची सवय लावा. यूच्या पानाची वरची बाजू काळपट हिरवी असते, आणि खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना फिकट पिवळसर-हिरवे पट्टे असतात. तेच पट्टे पांढरे शुभ्र दिसले तर ते झाड यू नसून फर असण्याची शक्यता जास्त. आणखी एक खूण मला फार उपयोगी पडते, ती म्हणजे वास. सूचिपर्णी झाडांत सहसा राळेचा वास असतो. मोरपंखीचं पान चुरगळलं की घमघमाट सुटतो, ज्युनिपरचंही तसंच. यूच्या पानात आणि लाकडात राळेच्या नळ्याच नसतात, त्यामुळे चुरगळल्यावर तसा वास येत नाही. मात्र ही परीक्षा केल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि पान चावून बघायचा मोह कुणालाही होऊ द्यायचा नाही.

फळ मिळालं तर मग बोलायलाच नको. यूच्या मादी झाडावर लाल, मऊ, तोंड उघडी असलेली वाटी येते आणि तिच्या आत एकच तपकिरी बी बसलेलं असतं. पोडोकार्पसचं उलट आहे. त्याची हिरवट बी बाहेर असते, आणि लालसर-जांभळ्या मांसल देठाच्या टोकावर बसलेली दिसते. तुमची रोपं अजून लहान आहेत, फळ दिसायला वेळ आहे.

नर्सरीवाल्याने मुद्दाम फसवलं असंच मी म्हणणार नाही. इंग्रजी बोलण्यात पोडोकार्पसच्या या जातीला ‘जपानी यू’ असंही म्हणतात. खऱ्या जपानी यूचं शास्त्रीय नाव टॅक्सस कस्पिडाटा, आणि हे आहे पोडोकार्पस मॅक्रोफायलस. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली. ट्रकमधून माल उतरतो, चिठ्ठीवर अर्धवट नाव असतं, आणि तेच गिऱ्हाइकापर्यंत जातं. माझ्याकडेही लोक फांदी घेऊन येतात आणि विचारतात, ‘भाऊ, हाई काय शे?’ अशा वेळी मी आधी त्यांना ती विकताना कोणतं नाव सांगितलं होतं ते विचारतच नाही. नाव ऐकलं की डोळे तेच शोधायला लागतात.

आता खरी यू इथे का नाही. इंग्लंडमध्ये तुम्ही बघितली ती टॅक्सस बकाटा. आपल्या देशातही यू आहे, पण हिमालयात. मी ती हिमाचलमध्ये देवदार आणि ओकच्या दाट सावलीत बघितली आहे. साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर, ओलसर, थंड उतारांवर ती वाढते. तुलनेसाठी सांगतो, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. आपलं तोरणमाळ अकराशे मीटरच्या आसपास. तेव्हा तापीच्या खोऱ्यात तिची काय कथा.

यावर मला हमखास एक युक्तिवाद ऐकायला मिळतो, तो म्हणजे ‘थंडी तर आपल्याकडेही पडते की!’ पडते. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा दहाच्या खाली जातो, गहू-हरभऱ्याला ते मानवतंही. पण यू हिवाळ्यात मरत नाही, ती उन्हाळ्यात मरते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर गेला, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या राहिल्या, वर कोरडा वारा सुटला, की थंड प्रदेशातल्या सदाहरित झाडाला जेवढं पाणी पानांतून उडतं तेवढं मुळांतून ओढता येत नाही. आपण काय करतो, पान सुकताना दिसलं की अजून पाणी ओततो. काळ्या मातीत ते पाणी साचतं. यूचं मूळ कशाला भीत असेल तर तुंबलेल्या पाण्याला. फायटोप्थोरा बुरशीने मूळकुज होते आणि झाड वरून सुकलेलं, खालून सडलेलं असं जातं.

इथे एक गंमत सांगतो. चुनखडीची जमीन यूला अजिबात त्रास देत नाही, इंग्लंडमध्ये खडूच्या टेकड्यांवर ती मजेत वाढते. म्हणजे आपल्या मातीतला चुना तिने सोसला असता, पण ऊन आणि निचरा यांनी तिला मारलं असतं. तुमच्या पोडोकार्पसचं नेमकं उलटं आहे. तो ऊन बऱ्यापैकी सोसतो, दमट हवेत तर छानच वाढतो, पण चुन्याच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही आणि तो पिवळा पडतो. तुमच्या फोटोत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसताहेत, ते याचंच लक्षण. म्हणून एकाच बांधावर दोन झाडं दोन वेगळ्या कारणांनी मरू शकतात, आणि वरून दोन्हींकडे बघणारा माणूस म्हणतो, ‘उन्हानं गेलं.’

गुरांचा मुद्दा आता. यूचा लाल गर सोडला तर पान, बी, साल, सगळंच विषारी आहे. त्यातलं टॅक्सीन हृदयावर घाव घालतं. गाय, घोडा, शेळी यांनी थोडा पाला खाल्ला तरी अनेकदा आजारपणाची लक्षणं दिसायच्या आतच जनावर कोसळतं, आणि त्यावर ठरावीक उतारा नाही. युरोपात जनावरं मरतात ती बहुतेक वेळा उभ्या कुंपणाला तोंड लावून नाही. कुणीतरी छाटणी करतं आणि कापलेल्या फांद्या पलीकडच्या कुरणात टाकून देतं, त्या खाऊन मरतात. वाळलेला पालाही तितकाच घातक राहतो. आपल्याकडे छाटणीचा पाला गुरांपुढे टाकणं ही तर रोजची रीत. त्यामुळे उद्या कुणी खरी यू कुंडीत आणून दिली, तरी गोठा असलेल्या घरात ती नको.

विषाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्याच मातीतल्या माणसाची आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅसिफिक यूच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध निघालं. मनरो वॉल यांच्यासोबत ते वेगळं काढून त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडणारे डॉ. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. त्यांचा जन्म १९२५ चा. याच जोडीने त्याआधी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन शोधलं होतं, त्यापासूनही पुढे कॅन्सरची औषधं तयार झाली. टॅक्सॉलला अमेरिकेत १९९२ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. यू आपल्याकडे उगवत नाही, पण तिच्यातलं औषध ओळखणारा माणूस खान्देशने दिला. शाळेतल्या किती पोरांना हे माहीत असेल कोण जाणे.

त्याची दुसरी बाजू अशी की साल काढली की झाड मरतं. औषधाची मागणी वाढली तशी हिमालयातल्या यूवरही पाल्यासाठी आणि सालीसाठी कुऱ्हाड चालली. आज हिमालयीन यू धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार नियंत्रण आहे. म्हणून ‘हिमाचलातून जंगलची रोपं मागवून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका. आणि कृपा करून कुणीही पानांचा काढा करू नका. औषध म्हणजे शुद्ध केलेला, मोजून शिरेतून दिलेला एकच घटक, आणि पानात त्याच्यासोबत हृदय बंद पाडणारं विष असतं.

बरं, तुमच्या पंचवीस रोपांचं काय करायचं? ती टाकून देऊ नका. पोडोकार्पस हळू वाढतो, पण सावलीच्या जागी फार देखणा दिसतो. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, जिथे सकाळचं ऊन येतं आणि अकरानंतर सावली पडते, तिथे मोठ्या कुंड्यांत किंवा दीड फूट उंच वाफ्यात त्यांना हलवा. हे काम आता कडक उन्हात करू नका. तोपर्यंत वरून हिरवी शेडनेट बांधा, बुंध्याशी उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला अंथरा आणि दोन-चार बोटं खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या. चांगले दोन पाऊस होऊन हवा निवली की मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता उचला. वाफ्यात काळी माती घालूच नका. गाळाची हलकी माती, जाड वाळू, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट चालेल. ताजं शेण नको, त्याने हुमणी येते.

पिवळेपणावर लगेच करता येण्यासारखा उपाय म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट). लिटरभर पाण्यात तीन ते पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. आधी एकाच रोपावर फवारून दोन दिवस बघा, पानावर डाग आले नाहीत तर बाकीच्यांवर मारा. जमिनीतून लोह द्यायचं असेल तर दुकानदाराकडे ईडीडीएचए चिलेटेड लोह मागा. तो ईडीटीएची पुडी स्वस्त म्हणून पुढे करेल, पण आपल्या चुनखडीच्या मातीत ते लोह टिकत नाही, पैसे मातीत जातात. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर ते वेगळं दुखणं आहे, तिथे मॅग्नेशियम किंवा नत्र कमी असतं. आणि शेंडे करपणं हे बहुधा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचं आणि झळांचं मिळून झालेलं काम आहे. त्याला फवारणी नाही. पावसाचं साठवलेलं पाणी मधून मधून द्या.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. तुम्हाला यू हवी होती असं मला वाटत नाही. तुम्हाला हवं होतं ते वर्षभर गर्द हिरवं राहणारं, कात्री सोसणारं, खालपासून वरपर्यंत भरलेलं कुंपण. यूची तिथे एवढी किंमत का, तर ती छाटणीला दमत नाही. बहुतेक सूचिपर्णी झाडं जुन्या, उघड्या लाकडापर्यंत कापली तर तिथे पुन्हा फुटत नाहीत. मोरपंखीचं कुंपण एकदा आतून तपकिरी झालं की तसंच राहतं, हे तुम्ही बघितलं असेलच. यू मात्र जुन्या लाकडातूनही पालवते. हा गुण आपल्या हवेत कुठल्या झाडात आहे, असा प्रश्न विचारायला हवा.

याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. माती, गुरं आणि कात्री चालवायला घरात कुणाला वेळ आहे का.

मातीसाठी दोन साध्या परीक्षा करा. चमचाभर कोरड्या मातीवर फरशी धुवायच्या ॲसिडचे चार थेंब टाका, जपून. फसफसलं तर चुना भरपूर आहे. दुसरी निचऱ्याची. कुंपणाच्या रेषेत दीड फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर कुठलंही कुंपण सपाट जमिनीत न लावता वरंब्यावर लावा. अमळनेरच्या बाजूला एकाच गावात नदीकाठची भारी काळी आणि टेकाडावरची मुरमाड अशा दोन्ही जमिनी असतात, त्यामुळे मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. मुरूम असेल तर उत्तर बदलतं.

दिसायला यूच्या सगळ्यात जवळ जाते ती कामिनी, काही जण कुंती म्हणतात. पान गर्द, चकचकीत, बारीक, छाटणी उत्तम सोसते, आणि पावसानंतर पांढऱ्या फुलांचा वास अंगणभर. बंगल्याच्या दर्शनी भागात मी हीच सुचवतो. पण तुम्हाला नाही सुचवणार, कारण बांधापलीकडे लिंबं आहेत. लिंबूवर्गीय झाडांवरची सिला नावाची बारीक कीड कामिनीच्या कोवळ्या फुटीवर आवडीने वाढते, आणि हीच कीड ग्रीनिंग रोग पसरवते. कुंपणाला सारखी कात्री म्हणजे वर्षभर कोवळी फूट, म्हणजे किडीला बारमाही पंगत. दिरांची बाग तुमच्या कुंपणापायी पिवळी पडायला नको. कढीपत्त्यावरही ती कीड येते, तेव्हा बांधालगत त्याचीही रांग लावू नका.

मेंदी आपली जुनी, भरवशाची. ऊन, पाण्याची ओढ, चुना, सगळं सोसते. मुरमाड जमीन असेल तर माझं पहिलं मत मेंदीला. दोष असा की थंडीत ती विरळ होते, आणि सुरुवातीला छाटणी चुकली तर खालून उघडी पडते, मग कुत्री-कोंबड्या बिनधास्त ये-जा करतात.

काळ्या, थोड्या खारवट जमिनीत माझा कौल कोयनेलला. हे झाड मुळात समुद्रकाठचं, त्यामुळे क्षारांचं त्याला वावडं नाही. पान गर्द हिरवं, उन्हाळ्यात पाणी मिळालं तर हिरवं राहतं, जुन्या लाकडातून पुन्हा फुटतं. पान कडू असल्याने शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. छाटं फुकट मिळतात, ओळखीच्या कुणाच्याही बंगल्यावरून आणा. त्याचा एकच हट्ट, कात्री वेळेवर हवी. पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी हात फिरवला नाही तर ते अस्ताव्यस्त पसरतं. कण्हेर, घाणेरी यांचा विचार कुणी सुचवला तर गुरांमुळे टाळा, दोन्ही विषारी. फायकसची मुळं भिंत आणि पाइप दोन्ही उचकटतात. बोगनवेल रस्त्याच्या बाजूला चोरवाट बंद करायला उत्तम, पण तिची सरळ भिंत होत नाही. शेताच्या टोकाला गुरं अडवायची असतील तर करवंद किंवा चिलार, तिथे सौंदर्याची अपेक्षा ठेवू नका.

तर कोयनेल धरून तुमच्यासाठी माझा आराखडा असा. हद्दीपासून अडीच फूट आत दोरी बांधा. ही जागा सोडली नाही तर पलीकडून छाटायला दिरांच्या बांधावर उभं राहावं लागेल, आणि आज चालतं ते उद्या चालेलच असं नाही. दोरीवर दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा, तो उन्हाळ्यात तापू द्या. जूनमध्ये निघालेल्या मातीत शेणखत मिसळून चर भरा आणि वर वीतभर उंच वरंबा काढा. पहिल्या पावसाला घाई करू नका, काळी माती आतपर्यंत भिजू द्या. जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीची, आठ-नऊ इंची छाटं घ्या, निम्म्याहून जास्त पानं काढून टाका आणि किमान दोन डोळे मातीत जातील अशी थोडी तिरपी खोचा. दोन रांगा, दोन्हींत एक-एक फूट अंतर, पण एका रांगेतलं छाट दुसऱ्या रांगेच्या मोकळ्या जागेसमोर यायला हवं. थोडी जास्तीची छाटं पिशव्यांत लावून ठेवा, मर झाली की भरायला.

पश्चिमेची बाजू मोकळी असेल तर तिथे कुंपणाच्या बाहेरून जूनमध्येच शेवरी पेरा. रावेर-यावलकडे केळीच्या बागांना वाऱ्यापासून वाचवायला शेतकरी हेच करतात. हिवाळ्यापर्यंत ती माणसाच्या डोक्यावर जाते, पुढच्या उन्हाळ्यात कोवळ्या कुंपणाला झळांपासून आडोसा देते आणि शेळ्यांना पालाही होतो. कुंपण कमरेएवढं झालं की शेवरी काढून टाका, नाहीतर ती कुंपणाचंच ऊन खाते. पाण्यासाठी ठिबकची एक इनलाइन नळी पुरे, बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं लांब ठेवा.

छाटणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कुंपण झाडामुळे जेवढं बिघडतं त्याहून जास्त कात्रीमुळे बिघडतं. सगळ्यांना उंचीची घाई असते. रोप दोन-अडीच फूट होऊ देतात आणि मग वरून कापतात. तोपर्यंत खालच्या फुटव्यांची वेळ निघून गेलेली असते. रोप वीतभर वाढलं की पहिला शेंडा खुडा. मनाला लागेल, पण खुडा. पुढे दर वेळी चार-सहा इंच नवी वाढ झाली की तिच्यातली निम्मी कापा. उंची अशी टप्प्याटप्प्याने चढवायची. आकार वर अरुंद आणि खाली रुंद हवा. खाली दोन फूट रुंदी असेल तर माथा दीड फुटाचा ठेवा. सरळ चौकोनी कापलं की वरचा भाग खालच्यावर सावली धरतो आणि दोन वर्षांत बुंधे उघडे पडतात. इंग्लंडमधली ती यूची कुंपणंही नीट बघितलीत तर बाजूंना थोडा उतार दिसेल. मुलीला फोटो पाठवायला सांगा.

तिथे यूला वर्षातून एकदा, उन्हाळा सरता सरता कात्री लावली तरी भागतं, कारण ती वर्षाला फूटभरच वाढते. आपल्याकडे ते वेळापत्रक चालणार नाही. मोठी छाटणी जूनच्या शेवटी, मग पावसाळाभर हलका हात, आणि दिवाळीनंतर एकदा नीट आकार. एप्रिल-मेमध्ये कात्री घरात ठेवा. आतली पानं सावलीत वाढलेली असतात, त्यांना एकदम ४४ अंशांचं ऊन लागलं की ती भाजतात आणि कुंपण जूनपर्यंत जळल्यासारखं दिसतं.

कोयनेलचा कापलेला पाला कडू असला तरी गुरांपुढे टाकू नका, आणि पोडोकार्पसचाही नको. एका कोपऱ्यात खड्डा करून कुजवा. शेळ्या पहिल्या वर्षी कडू-गोड काही बघत नाहीत, कोवळा शेंडा दिसला की ओढून बघतात आणि छाट मुळासकट वर येतं. म्हणून पहिला हिवाळा सरेपर्यंत आतल्या बाजूने जुनी मासेमारीची जाळी किंवा दोन तारा लावून घ्या.

आणि नर्सरीत पुन्हा गेलात तर बिलावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून मागा. तुमच्या पंचवीस रोपांचं बिल असेल आणि त्यावर ‘यू’ किंवा ‘टॅक्सस’ असं लिहिलेलं असेल, तर वर सांगितलेला पानाचा फोटो नाण्यासह दाखवून पैशांचा फरक मागायला काही हरकत नाही. निचऱ्याची परीक्षा करून काय निघालं ते इथेच लिहा. मुरूम निघाला तर कोयनेलऐवजी मेंदीचं अंतर आणि बियाणं कसं टाकायचं ते सांगतो.